‘यु’च्या पानावरची गाणी

“सबनीस बाई ना? अरे, त्यांना जपानीतलं एकच अक्षर येतं!”

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर कुलकर्णी हळू आवाजात पाठकला सांगत होता. दोघंही पुण्याचे, डिझाइन विभागातले. सिंगापूरच्या बून ले स्टेशनवरून तुआसच्या कारखान्यांकडे जाणारी कंपनीची बस, सकाळची वेळ, अर्धी माणसं झोपलेली. पाठक नवीन होता, त्याला काही कळेना.

“म्हणजे? त्या इंटरप्रिटर आहेत ना आपल्याकडे?”

“अरे, कराओकेत म्हणतोय मी. त्या फक्त ‘यु’पासून सुरू होणारी गाणी म्हणतात. दुसरं काही नाही. यु, यु आणि यु. जपानी लोकसुद्धा हसतात.”

सबनीस बाई माझ्याच शेजारी खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर डबा, डब्यावर घडी घातलेला स्वेटर, डोळे मिटलेले. त्या झोपल्या असाव्यात अशी आशा करत मी माझ्या बॅगेची चेन उगीचच उघडली आणि लावली. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “दोन अक्षरं, कुलकर्णी. ‘यो’चंही पान अर्धं झालंय.”

मग पाठकला हसू आवरेना. कुलकर्णी पुढे वाकून म्हणाला, “सॉरी हं बाई, गंमत करत होतो.”

“सॉरी काय त्यात. खरंच आहे ते,” बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. बस फाटकातून आत शिरेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मी त्या जपानी कंपनीत क्वालिटी विभागाची कागदपत्रं सांभाळायचे. पुण्याहून आले तेव्हा बाईंच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली मला मिळाली होती. पहिल्याच दिवशी मी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम ऑफिसात. घरी बाई म्हण. पुण्यात क्लासला शिकवायचे तेव्हा सगळे बाईच म्हणायचे.” माझ्या शाळेत सगळ्या ‘मिस’ होत्या. कुणाला ‘बाई’ म्हणायची ती माझी पहिलीच वेळ, आणि पुढे कितीतरी दिवस मी तो शब्द टाळून नुसतं “अहो” म्हणून वेळ मारून नेत असे.

त्या पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि ऑफिसातल्या एसीसाठी तो एक राखाडी स्वेटर. पर्समध्ये एका डबीत लवंगा असायच्या, घशासाठी. पाहुण्यांबरोबरच्या जेवणात त्या कधी जेवत नसत. दुभाष्याचं तोंड मोकळं हवं. सगळ्यांच्या ताटांत मासे, भात, सूप यायचं, आणि बाई दोन खुर्च्यांच्या मध्ये, जरा मागे सरकून बसलेल्या, दोन्हीकडे बोलत असायच्या. सगळे गेले की पँट्रीत उभ्या उभ्या डब्यातले दडपे पोहे खायच्या. मी एकदा म्हटलं, “अहो, बसून तरी खा.” त्या म्हणाल्या, “बसले की कुणीतरी बोलावतंच.”

त्यांची बोलण्याची एक रीत होती. समोरचा माणूस ‘मी’ म्हणाला की त्याही ‘मी’ म्हणत. ‘ते म्हणतात की’ हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. धंद्याचा नियमच आहे तो, पण ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटायचं. एकदा जपानहून आलेला एक इंजिनियर आमच्या लाइनचा सुपरवायझर गोह याच्यावर भडकला. टेबलावर हात आपटून ओरडत होता. बाईंनी शांतपणे, हात जुळवून, अगदी मऊ आवाजात इंग्रजीत सांगितलं, “मी अतिशय संतापलो आहे. तुमच्यासारखा बेजबाबदार माणूस मी पाहिलेला नाही.”

गोह आधी त्या माणसाकडे बघायचा, मग बाईंकडे. शेवटी त्याने वाक्याला ‘लाह’ जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत विचारलं, “सबनीस, यू अँग्री ऑर ही अँग्री, लाह?”

“ही,” बाई म्हणाल्या. “आय अ‍ॅम नॉट हिअर.”

गोहला ते इतकं आवडलं की तो पुढे कधीही त्या दिसल्या की विचारायचा, “टुडे यू हिअर ऑर नॉट हिअर?” बाई घड्याळ बघून सांगायच्या, “पाच वाजल्यानंतर.”

बाई खरोखर असायच्या त्या शनिवारी दुपारी. एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या चौथ्या मजल्यावर, जपानी खानावळींच्या मागच्या बाजूला, कराओकेच्या खोल्या होत्या. दुपारी भाडं कमी. शेजारच्या खोल्यांत चिनी आजीबाई घोळक्याने येऊन गात असायच्या. बाई मला बरोबर न्यायच्या. “तू गाऊ नकोस, नुसती बस. एकटीच गात बसले की मशीन पण कंटाळतं.” मला ते सोयीचंच होतं.

तिथे गाण्यांची जाडजूड यादी असायची, फोन डिरेक्टरीएवढी. जपानी गाणी वर्णक्रमाने लावलेली. शीर्षकाच्या पहिल्या अक्षरानुसार पानं, प्रत्येक गाण्यापुढे नंबर. तो नंबर रिमोटवर दाबायचा. बाई पान न शोधता ते पुस्तक उघडायच्या, ते ‘यु’च्या पानावरच उघडायचं. ‘यु’ म्हणजे बर्फाची गाणी, कारण बर्फाला ‘युकी’. ‘यु’ म्हणजे स्वप्नांची, कारण स्वप्नाला ‘युमे’. आणि मावळत्या उन्हाची, संध्याकाळची. सिंगापूरच्या दमट दुपारी, स्वेटर घालून, त्या बर्फाची गाणी म्हणायच्या. स्वर बरोबर, उच्चार त्याहून बरोबर. पडद्यावर अक्षरांचा रंग बदलत जातो, तो रंग आणि त्यांचा आवाज कधी मागेपुढे झाला नाही. मला त्यातला शब्दही कळत नव्हता, तरी दोन गाण्यांनंतर उदास वाटायला लागायचं.

“तुम्ही बर्फ पाहिलाय?” मी विचारलं होतं.

“फ्रीजमधला,” त्या म्हणाल्या. “जपानला दोनदा गेले, दोन्ही वेळा उन्हाळा.”

एकच अक्षर का, ते त्यांनी मला अशाच एका शनिवारी सांगितलं. सिंगापूरला आल्यावरची पहिली पार्टी. जुने डायरेक्टर मियाके-सान होते, ‘सान’ म्हणजे आपलं ‘साहेब’. बाईंना पुण्याच्या क्लासमध्ये शिकलेलं एकच जपानी गाणं येत होतं. आग्रह झाला, त्यांनी ते म्हटलं. छान म्हटलं. टाळ्या मात्र कुणी वाजवेना. सगळे मियाके-सानांकडे बघायला लागले.

“ते त्यांचं गाणं होतं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे त्यांचं ठरलेलं. प्रत्येक मोठ्या माणसाचं एक असतं. ते दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, सांगतही नाहीत. कळायला हवं.”

“मग ते रागावले?”

“छे. हसले. म्हणाले, सबानिसु-सानांनी, मला तसंच म्हणायचे ते, माझं काम हलकं केलं. त्यानंतर त्यांनी ते गाणं कधीच म्हटलं नाही. आपल्याकडे एखाद्याचं आवडतं गाणं म्हटलं तर तो खूश होतो की नाही? मीही तेच समजले होते.”

मग बाईंनी जे केलं ते फक्त आपल्याकडचीच बाई करू शकली असती. लहानपणी त्यांच्या घरी भेंड्यांचं वेड होतं. दिवे गेले की भेंड्या, पाहुणे आले की भेंड्या. गाणी डोक्यात अक्षरांप्रमाणे लावून ठेवायची, ‘ठ’ची वेगळी, ‘ण’ आला तर काय ते वेगळं, ही सवय. त्यांनी कुठल्या साहेबाचं गाणं कुठल्या अक्षराचं हे हळूहळू ध्यानात घेतलं आणि ज्या अक्षरावर कुणाचाच हक्क नव्हता ते स्वतःसाठी निवडलं. ‘यु’. ते अख्खं पान पाठ केलं. “त्या पानावर मी कुणाच्या पायात येत नव्हते,” त्या म्हणाल्या. “माझंच होतं ते.”

मियाके-सान निवृत्त होऊन गेले आणि कितानी-सान आले. उंच, अबोल, नेहमी कशाची तरी माफी मागत असल्यासारखे. त्यांच्या स्वागताच्या पार्टीला मीही होते, कोपऱ्यात, ज्यूसचा ग्लास धरून. बाईंची पाळी आली. त्यांनी नंबर दाबला. बर्फाचं ते गाणं, जे त्या सगळ्यात चांगलं म्हणत. सुरुवातीची बासरी वाजली आणि कितानी-सान चकित होऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं, कुणीतरी चौकशी करून त्यांचं गाणं लावलंय. बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. दोन्ही हातांत माइक धरून, कमरेत वाकून, त्यांनी तो पुढे केला. कितानी-सान बेसूर गायले आणि फार मनापासून गायले. सगळ्यात मोठ्या टाळ्या बाईंच्या होत्या.

पुढच्या शनिवारी पुस्तक ‘यु’वर उघडलं तेव्हा त्यांनी एक पान उलटलं. “आता ‘यो’ बघू.” मी म्हटलं, “अहो, एक गाणं गेलं तर गेलं, बाकीचं पान आहेच की.” त्या म्हणाल्या, “आता त्या पानावर गेलं की ते ऐकणार. आपण त्यांच्या दारात उभं राहिल्यासारखं होतं.”

त्या दिवाळीत बुकित तिमाहला एका बँकेतल्या मराठी गृहस्थांच्या कॉन्डोत फराळाला बोलावणं होतं. बाई अशा ठिकाणी सहसा जात नसत, माझ्याबरोबर म्हणून आल्या. चकल्या झाल्या, पोरांची इंग्रजी भांडणं झाली, आणि कुणीतरी म्हणालं, भेंड्या! मला आनंद झाला. म्हटलं, आता यांना कळेल बाई काय आहेत. दोन पक्ष झाले. अक्षर आलं ‘य’. सगळ्यात सोपं. आमच्या पक्षातले सगळे बाईंकडे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडलं आणि जपानी ओळ बाहेर आली.

सगळे खो खो हसले. यजमानीण म्हणाली, “अहो सबनीस बाई, आपलं काहीतरी म्हणा की!”

“हो, हो, आपलं,” बाईही हसल्या. त्यांनी डोळे मिटले. समोरचा पक्ष मोजायला लागला. बाईंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शेवटी एका मुलाच्या आजोबांनी दुसरंच काही म्हणून वेळ निभावून नेली. परतताना एमआरटीच्या गाडीत त्या इतकंच म्हणाल्या, “घरातलं सामान कुणी हलवलं असावं तसं झालं गं. ठेवलं होतं तिथे हात घातला, काही नव्हतंच.”

पुण्यात त्यांचे भाऊ होते. आई वारल्यावर घर भावाकडे गेलं, बाईंच्या खोलीत भाचीचा सिंथेसायझर आला. रविवारी फोन व्हायचा. फोन ठेवला की त्या बराच वेळ ओटा पुसत बसायच्या. “दादा म्हणतो, कधीही ये. ‘ये’ म्हणतात सगळे. ‘राहा’ कुणी म्हणत नाही.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकमेव तक्रार.

मग मंदीचं वर्ष आलं. तुआसमध्ये रात्रपाळ्या बंद झाल्या, बसमधल्या सीट रिकाम्या राहायला लागल्या. माणसं कमी करण्याच्या बैठका कितानी-सान जपानीत घेत आणि बाई ते इंग्रजीत सांगत. “मला हे सांगताना अतिशय दुःख होत आहे. मी तुम्हाला पुढील महिन्यापासून काम देऊ शकत नाही.” रोज, वेगवेगळ्या माणसांना, त्याच मऊ आवाजात. कुलकर्णी आणि पाठक पहिल्याच फेरीत गेले. कुलकर्णी जाताना मला म्हणाला, “त्या साहेबाचं तोंडही आठवत नाही मला. बाईंनीच काढलं असं वाटतंय.” त्या दिवसांत बाईंच्या लवंगांची डबी लवकर रिकामी व्हायची.

बाईंची बैठक शेवटी झाली. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं. एका बाजूला कितानी-सान, दुसऱ्या बाजूला एचआरच्या मिस लिम, ज्यांना जपानी येत नव्हतं. आणि बाई नेहमीप्रमाणे मध्ये, जरा मागे. कितानी-सान टेबलाकडे बघत बोलले. बाईंनी मान हलवून पुरतं ऐकलं आणि मिस लिमकडे वळून इंग्रजीत सांगितलं, “पुढच्या तिमाहीपासून मी सर्व बैठका इंग्रजीत घेणार आहे. त्यामुळे दुभाष्याची जागा राहणार नाही. सबानिसु-सानांनी माझी अडचण नेहमीच समजून घेतली आहे. याही वेळी घेतील अशी मला आशा आहे.”

मिस लिमनी हलक्या आवाजात विचारलं, “सबनीसना काही म्हणायचंय का?”

बाईंनी ते जपानीत कितानी-सानांना सांगितलं. आणि मग हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत बसल्या. कितानी-सान बाईंकडे बघत होते, मिस लिमही बाईंकडेच. माझं पेन थांबलं होतं. बऱ्याच वेळाने बाई दचकल्यासारख्या झाल्या आणि आधी जपानीत, मग इंग्रजीत म्हणाल्या, “विशेष काही नाही.”

नोकरी गेली की कामाचा पास रद्द, आणि पास रद्द झाला की महिनाभरात देश सोडायचा. बाईंनी घरी येऊन कपाटावरच्या बॅगा उतरवल्या, पुसल्या आणि पुन्हा वर ठेवल्या.

दोन-तीन दिवसांनी कँटीनमध्ये गोह माझ्यासमोर येऊन बसला. “तुझी सबनीस मागत का नाही?” त्याने विचारलं. “डॉक्युमेंट्समध्ये एक जागा आहे. कितानी वाट बघतोय. म्हणतो, ती काही बोलली नाही, म्हणजे तिला घरी जायचं असेल. इंडियात म्हातारी आई असेल. आपण अडवायचं कसं? शी मस्ट आस्क, लाह!”

शनिवारी त्या खोलीत, गाणं सुरू होण्याआधी, मी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या उठतील. त्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

“मागायचं नसतं गं,” त्या म्हणाल्या. “त्यांना द्यायचं असेल तर ते ओळखतात. आपण तोंडाने मागितलं की त्यांना नाही म्हणताना त्रास होतो.”

“पण ते तुम्हीच बोलायची वाट बघतायत. त्यांना वाटतंय तुम्हाला जायचंय.”

“तसं वाटत असेल तर त्यांनी विचार करूनच तसं ठरवलं असेल.”

“बाई, तुमची आई आहे असं वाटतंय त्यांना!” माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतल्या आजीबाई टिपेला पोचल्या होत्या म्हणून बरं.

बाईंनी रिमोट हातात घेतला. “मियाके-सानांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आई गेली तेव्हा त्यांनी फुलं पाठवली होती.” मग त्यांनी नंबर दाबला आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली.

पुढचं आधीच सांगून टाकते. बाई राहिल्या नाहीत. कितानी-सानांनी नंतर टोकियोला विचारलं, पण तोवर डॉक्युमेंट्सची जागाही कागदावरून गेली होती. बाई पुण्याला गेल्या, भावाकडे काही महिने, मग एका बिऱ्हाडात भाड्याने. त्यांचं एक कार्ड आलं, ‘इथे क्लासमध्ये पुन्हा शिकवते, मुलं हुशार आहेत,’ एवढंच. पण टोकियोला विचारणं झालं ते ज्या संध्याकाळमुळे झालं, ती मला अजून जशीच्या तशी दिसते.

निरोपाची पार्टी. ऑफिस सुटल्यावर, सातच्या सुमारास. कराओकेची नेहमीचीच मोठी खोली, भिंतीला लागून लाल सोफे. माणसं आधीपेक्षा निम्मी होती. मराठी म्हणून मी आणि बाई दोघीच उरलो होतो. बाईंनी फिकट निळी साडी नेसली होती, वर तोच स्वेटर. भाषणं झाली, त्यांतली अर्धी बाईंनीच इंग्रजीत करून सांगितली, स्वतःच्या कौतुकासकट. “सबानिसु-सानांशिवाय मी या देशात मुका झालो असतो,” असं त्या स्वतःच, सरळ चेहऱ्याने म्हणाल्या आणि गोहने डोळ्यांवर हात घेतला.

मग कितानी-सान उठले. त्यांनी रिमोट घेतला, पुस्तक न बघता नंबर दाबला आणि माइक दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, बाईंपुढे केला. बासरी वाजायला लागली. बर्फाचं गाणं. त्यांचं गाणं. त्या खोलीतल्या प्रत्येक जपानी माणसाला कळलं की त्यांनी काय दिलं, आणि सगळे उठून उभे राहिले.

बाई गायल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडद्यावरच्या रंगाच्या मागे पडला. एक ओळ त्यांनी सोडूनच दिली. कुणी काही म्हणालं नाही. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. त्या खाली बसणार तेवढ्यात कितानी-सानांनी हळूच जपानीत काहीतरी विचारलं.

बाई सवयीने गोहकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “जाण्यापूर्वी तुमची काही इच्छा आहे का?”

“ही आस्किंग यू, सबनीस,” गोह म्हणाला. “यू, लाह.”

बाई उभ्या राहिल्या. माइक अजून हातात होता, सुरूच होता. त्यांनी कितानी-सानांकडे बघितलं, जपानीत काहीतरी सुरू केलं, थांबल्या. इंग्रजीत एक शब्द आला, तोही सुटला. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या मराठीत बोलायला लागल्या, कुणाकडेही न बघता, घाईघाईने, ओटा पुसताना बोलायच्या तशा.

“मला नाही हो जायचं. मी काय करू तिथे जाऊन? इथेच असू द्या ना मला. कुठल्याही कोपऱ्यात बसेन.”

त्या खाली वाकल्या, नेहमीसारख्या, अगदी खोल. सगळ्यांना वाटलं, आपल्या भाषेत निरोप घेतला. खोली टाळ्यांनी भरून गेली. मिस लिमनी रुमाल काढला. एक तरुण इंजिनियर तर नमस्कारासाठी हात जोडून उभा राहिला. बाई वाकलेल्याच होत्या.

कितानी-सान टाळ्या वाजवता वाजवता थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यात माझ्यावर येऊन थांबली. गोहही वळला. मग एकेक करत सगळेच. ज्या खोलीत पाचपेक्षा जास्त माणसं असतील तिथे मी तोवर कधी बोलले नव्हते. ग्लास खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तो हातातच राहिला.

“त्या आभार मानत नाहीयेत,” मी इंग्रजीत म्हणाले. “त्यांना जायचं नाहीये.”